वल्द आणि बेवा

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याच्या एखाद्या घराची वंशावळ काढायची, तर पटवाऱ्याच्या सातबाऱ्यावर भागत नाही. पणजोबाचं नाव असतं जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे फायलीत, आणि ती मिसल अभिलेख कक्षातल्या कापडी बस्त्यात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला वेगळा झाला. त्याआधीचं दप्तर भंडाऱ्याचं, १९५६पूर्वीचं तर मध्य प्रदेशातलं. म्हणून इथले जुने कागद मौजा, साकिन, काश्तकार, वल्द असं हिंदी वळणाने बोलतात.

बस्ता सुटला की पान दोन्ही हातांनी उचलायचं. घडीवर ते तुटतं. आडनाव शोधत बसू नये, ते बहुधा नसतंच. माणसाचं नाव, वल्द म्हणून बापाचं, मग जात. एकाच नावाचे दोघे-तिघे निघाले की माणूस सोडून शेत धरावं. खसरा नंबर बंदोबस्तागणिक बदलू शकतो, पण बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखालची धानाची बांधी हलत नाही. तिच्यावर पुढे कोणाचं नाव चढलं ते बघत एकेक पिढी खाली यायचं.

या रीतीत बाई सापडते ती बहुतेक नवरा वारल्यावरच. नावाआधी मुसम्मात, नंतर बेवा आणि नवऱ्याचं नाव. तिचा बाप कोण, माहेर कुठलं, कागद सांगत नाही. आयर्लंडचं कितीतरी दप्तर १९२२ साली डब्लिनच्या आगीत गेलं, तरी तिथल्या कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा मिळतं. आपल्या मिसलींत तो रकानाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ज्यांचं शेतच नव्हतं? मालगुजाराकडे राबणाऱ्या गड्याच्या नावे खातं कुठून असणार! त्यांच्यासाठी उरते कोतवालाची जन्ममृत्यूची वही. तीत तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव पुष्कळदा नाहीच. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी तारीख जुळवायची, आणि तिथली तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असू शकते. जात पडताळणीत अनुसूचित जमातीला १९५०पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा भूमिहीन घराची सगळी भिस्त अशा एका ओळीवर असते. जुन्या दप्तराच्या स्कॅनिंगला आधी याच वह्या घ्यायला हव्यात.

आजीकडची नावं मात्र आजीलाच विचारावीत, माहेरच्या गावासकट. मग त्या मौज्याच्या मिसलीच्या नकलेसाठीही अर्ज टाकावा. तिच्या बापाचं नाव तिथे वल्दसह असू शकतं.