शॅम्पेन : एका नावाचा अर्थ आणि त्याचे मोल

'कॅम्पेन' हा शब्द आम्हां कामगार संघटनेच्या माणसांच्या तोंडी रोजचा. सभासद नोंदणीचे कॅम्पेन, बोनसचे कॅम्पेन, निवडणुकीचे कॅम्पेन. शाळा आम्ही लवकर सोडली. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, कारखान्याच्या नोटिसा आणि करारपत्रे वाचता वाचता. एकदा या शब्दाचे मूळ शोधू लागलो, तेव्हा त्याच्या गोतावळ्यात एक अनपेक्षित नातलग भेटला. तो शब्द म्हणजे 'शॅम्पेन'.

लॅटिन भाषेत 'काम्पुस' म्हणजे मोकळे मैदान, शेत. सैन्याचा तळ पडतो तो 'कॅम्प', विद्यालयाचे आवार ते 'कॅम्पस', फौजेने मैदानात उतरणे ते 'कॅम्पेन' आणि मैदानात झुंजणारा तो 'चॅम्पियन'. ही सारी एकाच घरची भावंडे होत. त्याच घरातून 'काम्पानिया', म्हणजे सपाट मुलूख, हा शब्द निघाला आणि फ्रान्सच्या ईशान्येकडील एका प्रांताला तो नाव म्हणून चिकटला. आपण घाटमाथ्यापलीकडच्या पठाराला 'देश' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

फ्रेंच लोक प्रांताला 'ती शांपाञ' म्हणतात आणि तेथील फेसाळ वाइनला 'तो शांपाञ'. लिंग बदलले की अर्थ बदलतो. इंग्रजीत लिंगाची ही सोय नाही. तेथे पहिले अक्षर मोठे काढले की प्रांत आणि लहान काढले की पेय, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आपल्या नागरी लिपीत अक्षरांचे हे लहानमोठेपण नाही, म्हणून मराठी वाचकाला हा फरक दिसत नाही. वास्तविक साऱ्या भांडणाचे मूळ त्यातच आहे. मोठे अक्षर म्हणजे विशेषनाम. ते कोणाचे तरी असते. लहान अक्षर म्हणजे सामान्यनाम. ते कोणीही उचलावे!

इंग्रजीने ते मनसोक्त उचलले. फिकट पिवळसर रंगाला शॅम्पेन म्हटले. बिअरपुरती मिळकत असून चव मात्र शॅम्पेनची, असे उधळ्याविषयी बोलू लागले. गरिबांच्या नावाने भाषणे करून स्वतः चैनीत राहणारा तो 'शॅम्पेन सोशलिस्ट'. हा टोमणा आमच्याच गोटातल्यांना उद्देशून असतो, म्हणून तो आम्हांला कोशावाचून कळला! पुढे कुठल्याही देशाची फेसाळ वाइन म्हणजे शॅम्पेन, इथवर मजल गेली.

परंतु ज्यांच्या घामातून हे नाव मोठे झाले, त्यांचे काय? शॅम्पेनमध्ये द्राक्षे पिकवणारे बहुतेक लहान शेतकरी. वाइन बाटलीत भरून विकणाऱ्या पेढ्या वेगळ्या. १९१० साली पीक जवळजवळ बुडाले. पेढ्यांच्या बाटल्या मात्र भरतच होत्या, कारण काही व्यापारी बाहेरच्या मुलखातून स्वस्त माल आणत आणि त्यावर शॅम्पेनचे नाव लावीत. जानेवारी १९११ मध्ये मार्न नदीकाठच्या दामरी वगैरे गावांतील शेतकरी व्यापाऱ्यांच्या तळघरांवर चाल करून गेले. पिंपे फुटली, वाइन वाहून गेली.

गाऱ्हाणे दुहेरी होते. १९०८ च्या सरकारी हुकुमाने शॅम्पेनची जी हद्द आखली, तीतून ओब जिल्हा वगळला होता. त्या जिल्ह्यातले त्र्वा शहर तर प्रांताची जुनी राजधानी! ओबचे शेतकरी रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये सरकार हद्दच मोडते की काय अशी चिन्हे दिसताच मार्नचे शेतकरी खवळले आणि १२ एप्रिलला अई गावातील व्यापाऱ्यांची घरे पेटली. फौज आणावी लागली. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाकडे वैरी म्हणून पाहावे, हे आम्हांला अपरिचित नाही. अखेर १९२७ च्या कायद्याने ओबला आत घेतले, तेव्हा तो वाद मिटला.

पुढे लढाई देशाबाहेर गेली. १९५८ मध्ये लंडनला 'स्पॅनिश शॅम्पेन' विकणाऱ्यांवरचा फौजदारी खटला फसला. मग शॅम्पेनच्या बारा पेढ्यांनी दिवाणी दावा लावला आणि १९६० मध्ये न्यायमूर्ती डँकवर्ट्स यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. एकेकाळी नाव पातळ करण्याचा आळ पेढ्यांवर होता; आता पेढ्याच नावाच्या राखणदार झाल्या. अमेरिकेत मात्र २००६ च्या करारानंतरही जुन्या उत्पादकांना 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' असे लिहिण्याची मुभा राहिली.

आपल्याकडेही १९९९ चा भौगोलिक निर्देशकांचा कायदा आहे. त्याखाली २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेची नोंद झाली, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. हद्द आखताना कारागिराला बाहेर ठेवले नाही, हे बरे झाले.

तथापि नाव राखले म्हणजे माणूस राखला, असे होत नाही. शॅम्पेनची द्राक्षे हातानेच तोडावी लागतात. २०२३ च्या तोडणीत पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पन्नासांहून अधिक मजुरांना अतिशय गलिच्छ जागेत कोंबून राबवल्याचे उघड झाले. सीजीटी ही कामगार संघटना त्या खटल्यात उभी राहिली आणि २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने माणसांच्या व्यापाराबद्दल तिघांना शिक्षा ठोठावली.

मातीच्या नावाला कायद्याने मोठे अक्षर मिळवून दिले. त्या मातीत वाकणाऱ्या माणसाच्या नावालाही ते मिळाले पाहिजे. 'शॅम्पेन' आणि 'कॅम्पेन' यांचे मूळ एक आहे, ते याच कामी आठवावे असे आम्हांस वाटते.