गीतचित्रफितीसाठी नटनिवड : ऐकण्याची परीक्षा की पाहण्याची?

१. शब्द आणि व्यवहार

नटाची निवड करण्यासाठी जी चाचणी घेतात तिला मराठीत आता सर्रास 'ऑडिशन' म्हटले जाते. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ 'ऐकणे' असा आहे. मराठी वाचकांस तो दीर्घकाळ परिचित आहे, तो मुख्यत्वे आकाशवाणीच्या संदर्भात. १९५२ मध्ये बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत गायक-वादकांच्या स्वरचाचणीस शिस्तबद्ध रूप आले. श्री. ना. रातंजनकर यांच्यासारख्या विद्वान संगीतज्ञाकडे या परीक्षणाची धुरा होती. नावाजलेल्या कलावंतांनीही पुन्हा परीक्षेस बसावे काय, यावरून त्या वेळी मोठा वाद माजला. तथापि एका गोष्टीबद्दल वादास जागा नव्हती : नभोवाणीवर जे ऐकू यावयाचे तेच परीक्षेत ऐकले जात होते. परीक्षा आणि काम यांचे स्वरूप एकच होते.

महाविद्यालयातील विद्यार्थी जी गीतचित्रफीत, म्हणजे 'म्युझिक व्हिडिओ', तयार करतात तिच्या बाबतीत हे साम्य उरत नाही. गीत आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. गळा दुसऱ्या कोणाचा असतो. पडद्यावरील नट बहुधा एक शब्दही स्वतःच्या आवाजात बोलत नाही. असे असूनही अशा निवडीच्या वेळी उमेदवारास एखाद्या नाटकातील स्वगत म्हणावयास सांगण्याची प्रथा आढळते. ज्या गुणाचा उपयोग व्हावयाचा नाही त्याची परीक्षा होते आणि ज्या गुणांवर सारे काम उभे राहावयाचे ते तपासावयाचे राहून जातात. या विसंगतीचा उगम कोठे आहे आणि ती दूर करण्याचा मार्ग कोणता, हा येथील विवेचनाचा विषय होय.

२. कंठापासून चेहऱ्यापर्यंत

मराठी रंगभूमीने नट निवडला तो प्रथम कंठावरून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तील सुभद्रेसाठी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले, ते त्यांच्या गळ्याच्या लौकिकामुळे. १९०१ मध्ये भाऊरावांचे निधन झाल्यावर किर्लोस्कर मंडळीस तशाच गळ्याची निकड भासू लागली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, या मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. त्यांच्या अभिनयास वळण लावले ते गोविंद बल्लाळ देवल यांनी. गळा निवडून घ्यावयाचा आणि अभिनय शिकवावयाचा, असा हा क्रम होता. दिव्यांच्या पलीकडे बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत ध्वनिवर्धकाशिवाय पोहोचावयाचे असल्याने तो योग्यही होता.

मूकपटाने हा क्रम उलटा केला. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ च्या चित्रपटासाठी तारामती मिळेना, कारण त्या काळी स्त्रिया कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार नव्हत्या. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांची त्यांनी निवड केली. साळुंके यांचा आवाज कसा होता, या प्रश्नाला येथे काही अर्थच नव्हता. त्यांची चण, हात आणि चेहरा यांस महत्त्व होते. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' या चित्रपटात त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

बोलपट आल्यावर गळा पुन्हा आवश्यक ठरला. पुण्यात 'प्रभात'ने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. त्यातील तुकाराम साकार करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आणि भजने गात. परंतु १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत अवलंबिली आणि गळा व चेहरा यांची कायमची फारकत झाली. गीतचित्रफीत ही या फारकतीची शेवटची पायरी आहे. तिच्यात संवाद नसतात. उरतात ते चेहरा, देह आणि लय. दर्शनाच्या दृष्टीने तिचा नट भाऊरावांपेक्षा साळुंके यांना अधिक जवळचा आहे. निवडीची पद्धत मात्र अद्याप भाऊरावांच्या काळातील राहिली आहे.

३. नटास प्रत्यक्षात काय करावे लागते?

चाचणी ठरविण्यापूर्वी कामाचे पृथक्करण करणे अवश्य आहे. गीतचित्रफितीतील नटाचे काम स्थूलमानाने चार प्रकारचे असते.

पहिले काम ओठ जुळविण्याचे. चित्रण चालू असताना ध्वनिक्षेपकावर गीत वाजत असते आणि नटास त्याबरोबर ओठ हलवावे लागतात. ही जुळणी किती काटेकोर असावी लागते याचा अंदाज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीवरून येतो. ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकास विसंगती जाणवू लागते. सेकंदास २५ चित्रचौकटी धरल्यास एक चौकट ४० मिलिसेकंदांची होते. म्हणजे पुढे जेमतेम एक आणि मागे तीन चौकटी, एवढीच सवलत मिळते. चूक सर्वांत लवकर उघडी पडते ती ओष्ठ्य वर्णांवर. प, फ, ब, भ, म यांच्या उच्चारात ओठ पूर्ण मिटावे लागतात. गीतात 'म' ऐकू यावा आणि पडद्यावर ओठ उघडे दिसावेत, हे सामान्य प्रेक्षकाच्याही नजरेतून सुटत नाही. म्हणून चाचणीसाठी गीताचा जो अंश निवडावयाचा तो ओष्ठ्य वर्णांनी भरलेला असावा. तसेच उमेदवारास नुसते ओठ हलवू न देता मोठ्याने गावयास सांगावे, मग तो बेसूर का असेना. खरोखर गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा, छाती आणि श्वास हलतात. नुसते ओठ हलविणाऱ्याच्या ठायी हे घडत नाही आणि कॅमेरा ते नेमके टिपतो.

याच कामाचा एक अवघड प्रकार संथगतीच्या दृश्यांत येतो. सेकंदास ५० चौकटी टिपून २५ च्या गतीने दाखविल्यास हालचाल निम्म्या वेगाने दिसते. पण ओठ जुळावयाचे तर चित्रण करताना गीत दुप्पट वेगाने वाजवावे लागते. जी ओळ १० सेकंदांची, ती नटास ५ सेकंदांत म्हणावी लागते आणि तरीही मुद्रेवरील शांती ढळू द्यावयाची नसते. असे दृश्य योजिले असेल तर त्याचा प्रयोग चाचणीतच करून पाहिला पाहिजे. चित्रणाच्या दिवशी ही उणीव कळल्यास तिच्यावर उपाय उरत नाही.

दुसरे काम स्तब्धतेचे. गीत चालू असता नुसते ऐकणारा, वाट पाहणारा, खिडकीशी बसलेला चेहरा दीर्घकाळ दाखविला जातो. ३० सेकंद काही न करता कॅमेऱ्यासमोर बसणे हे स्वगत म्हणण्यापेक्षा अवघड आहे. रंगमंचावर कसलेल्या नटास तर ते विशेषच जड जाते. कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची त्याला सवय झालेली असते.

तिसरे काम पुनरावृत्तीचे. एकच कृती निरनिराळ्या कोनांतून चित्रित करावयाची असल्याने ती दहादा करावी लागते. चहाचा पेला कोणत्या शब्दावर उचलला, मान कोणत्या मात्रेवर वळली, हे प्रत्येक वेळी सारखे असावे लागते. नाही तर संकलनाच्या वेळी दृश्ये जुळत नाहीत. चौथे काम लयीचे. नृत्य येत नसले तरी चालते; परंतु चालण्यात, थांबण्यात, वळण्यात गीताचा ताल अंगी मुरलेला दिसावा लागतो. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री' चित्रपटात जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा भागातील हलगी वाजविणारा मुलगा होता. अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसता त्याने उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. अभिनयाच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवून उमेदवार गाळणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

४. पिंपळे गुरव येथील परिस्थिती

पवनेच्या काठचे पिंपळे गुरव आता पिंपरी-चिंचवड महानगरात मिसळून गेले आहे. येथे निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, ही गोष्ट नटनिवडीच्या संदर्भात लक्षणीय आहे. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले होते. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांना नाव दिले आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटाने पडद्यावर आणले. रूढ अर्थाने देखणा चेहरा हीच अट असती, तर त्यांची निवड झालीच नसती. ज्या गावातील नाट्यगृहास त्यांचे नाव दिले गेले, तेथे चाचणी भरविणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

या परिसरात उमेदवार कोण असू शकतात, याचाही विचार अगोदर व्हावयास हवा. एकीकडे महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. दुसरीकडे भोसरी, पिंपरी, चाकण येथील कारखान्यांत पाळीने काम करणारे शिकाऊ तरुण-तरुणी आहेत. मंगळवारी सकाळी अकराची वेळ ठेवली की पहिल्या पाळीचा उमेदवार परीक्षेआधीच बाद होतो. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून गुरुवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ अशा दोन वेळा ठेवल्यास निवडीचे क्षेत्र विनाखर्च विस्तारते.

चाचणीच्या सूचनापत्रात भूमिकेचे वय व स्वरूप, चित्रणाचे दिवस, मानधन मिळणार की नाही, प्रवास व भोजन यांची व्यवस्था आणि जवळिकीचे अथवा पाण्यातील दृश्य असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख असावा. स्थळ सार्वजनिक असावे : महाविद्यालयाची खोली, नाट्यगृहाची तालीमखोली. कोणाची भाड्याची सदनिका नसावी. वेळ दिवसाउजेडीची असावी आणि परीक्षक कधीही एकटा नसावा. परीक्षकांत निदान एक स्त्री असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी उच्च शिक्षणसंस्थांवर लैंगिक छळाच्या प्रतिबंधाची जबाबदारी टाकलेली आहे. अशी चाचणी ही मित्रमंडळींची खाजगी बाब समजून तिला त्या जबाबदारीबाहेर ठेवणे योग्य नव्हे. उमेदवार १८ वर्षांखालील असल्यास पालक उपस्थित असावेत.

५. परीक्षकाची नजर

ऐकण्याच्या परीक्षेत पक्षपातावर एक सोपा उपाय असतो. अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी १९७० नंतरच्या काळात उमेदवारास पडद्याआड बसवून वाजवावयास सांगितले, म्हणजे वादक स्त्री की पुरुष, गोरा की काळा, हे परीक्षकास कळू नये. पाहण्याच्या परीक्षेत असा पडदा लावता येत नाही. जे पाहावयाचे तेच झाकणार कसे? म्हणून येथे परीक्षकाच्या नजरेवरच शिस्त घालावी लागते.

या नजरेचा पहिला दोष एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिला. सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालील माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व इत्यादी गुण स्वतंत्रपणे मोजत आहेत असे समजत. परंतु एका गुणाबद्दलचे मत इतर सर्व गुणांवर पसरलेले आढळले. नटनिवडीत हा दोष रूपाच्या द्वारे शिरतो. चेहरा आवडला की ओठही जुळलेले वाटतात. उपाय असा की वर सांगितलेल्या चार कामांस स्वतंत्र गुण द्यावेत. प्रत्येक परीक्षकाने ते चर्चेपूर्वी लिहून ठेवावेत. सर्व उमेदवारांना गीताचा तोच अंश, तेवढाच वेळ आणि तेवढेच प्रयत्न मिळावेत. शेवटी दिग्दर्शकाने एखादी सूचना देऊन तेच काम पुन्हा करवून घ्यावे. पहिल्या प्रयत्नापेक्षा दोन प्रयत्नांतील फरक अधिक बोलका असतो. कारण चित्रणाच्या दिवशी नटास सूचनांबरहुकूम बदलावयाचे असते.

दुसरा दोष यंत्राचा असून तो माणसाच्या नावे खपतो. एका गोऱ्या चेहऱ्यावर प्रकाशाचे प्रमाण ठरवून तेच सर्वांस लावल्यास सावळ्या चेहऱ्यावरील डोळ्यांचे, गालांचे सूक्ष्म भाव काळोखात बुडतात. परीक्षक चित्रण पाहून म्हणतो की चेहरा बोलत नाही. वस्तुतः प्रकाशच बोलू देत नसतो. रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासात रंगांचे प्रमाण ठरविण्यासाठी दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचे चित्र आदर्श म्हणून वापरले जात असे आणि त्याचे परिणाम सावळ्या माणसांच्या छायाचित्रांनी भोगले. म्हणून चाचणीच्या वेळी प्रत्येक चेहऱ्यासाठी प्रकाश नव्याने जुळवावा. त्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचविणे म्हणजे त्या उमेदवाराची परीक्षा न घेताच निकाल देणे होय.

६. निकालानंतर

चाचणीस पंचवीस जण आले तर चोवीस जण परत जातात. ज्या परीक्षेत आवाज नसून चेहरा आणि देह पाहिले गेले, तिच्यातील नकार उमेदवारास स्वतःच्या रूपावरील निकाल वाटण्याचा संभव अधिक असतो. या दृष्टीने तीन पथ्ये आवश्यक ठरतात. निकाल ठरलेल्या दिवशी सर्वांना कळवावा. कारण सांगावयाचे झाल्यास ते कामाच्या भाषेत सांगावे : संथगतीतील ओळ जुळली नाही, पेल्याची कृती बदलत गेली. आणि निवड न झालेल्यांची चित्रणे नष्ट करावीत; ती कोणासही दाखवू नयेत.

विद्यार्थ्यांच्या चित्रफितीचा आवाका लहान असतो. तीन-चार मिनिटांचे गीत, दोन दिवसांचे चित्रण आणि मागून आणलेला कॅमेरा एवढीच तिची सामग्री. परंतु कोणाचा चेहरा पाहण्याजोगा आहे, या प्रश्नाचे उत्तर तीही देत असते आणि ते उत्तर पाहणाऱ्यांच्या मनात राहते. परीक्षा कामाशी जुळविली, तर ते उत्तर कामातून निघते. ती जुळविली नाही, तर ते रूढ समजुतींतून निघते आणि त्यास निवडीचे नाव मात्र मिळते.