वाऱ्याप्रमाणे पतंग

पावसाळ्यात नाणेघाटाचा धबधबा उलटा उडवणारा वारा जुन्नरकरांच्या ओळखीचा. पतंगाच्या ओढीनं पाण्यावर सरकण्याच्या काइटसर्फिंगला मात्र असा झोतांचा वारा धोक्याचा. डोंगरांनी वेढलेल्या माणिकडोह, डिंभ्याच्या जलाशयांपेक्षा मोकळा समुद्रकिनारा बरा.

फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवेनं फुगणाऱ्या कडेच्या पतंगाचं पेटंट नोंदवलं. असा पतंग पाण्यावर तरंगतो, तिथूनच पुन्हा उडवता येतो. त्यातला खोल कमानीचा ‘सी’ कसलेल्या उडीबहाद्दरांचा. त्याची ओढ झटकन कमी होत नाही. नवशिक्यानं हौसेपोटीही तो घेऊ नये. चपट्या ‘बो’ची हातातली दांडी पुढे ढकलली की ओढ जवळजवळ संपते, म्हणून झोतांत त्यातल्या त्यात तोच सुरक्षित. मंद वाऱ्यात कप्प्याकप्प्यांचा ‘फॉइल’ सरस. कामशेतला उडणाऱ्या पॅराग्लायडरचा हा भाऊबंदच, पण कप्प्यांत पाणी शिरलं की उचलणं मुश्कील.