नकाशावर मांडा आपली खातेवही

कापडाच्या छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो. सारे ठसे नेमके जुळले की नक्षी उमटते. संगणकावरील ‘जीआयएस’, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचे तंत्रही असेच आहे. रस्ते, वस्ती, बाजार यांचे वेगवेगळे थर एकाच नकाशावर बसवतात. प्रत्येक ठिकाणामागे माहितीचा तक्ता असतो. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात जमिनीच्या नोंदीसाठी हे काम सुरू केले.

आम्हा व्यापाऱ्यांना याचा फायदा काय? आमच्या खातेवहीत गिऱ्हाइकाचे नाव आणि येणे असते, पण गाव कुठल्या रस्त्यावर आहे ते दिसत नाही. गावे, विक्री आणि थकलेली उधारी नकाशावर मांडली की माल कुठे खपतो, पैसा कुठे अडकतो आणि वसुलीच्या एका फेरीत किती गावे उरकतील, हे डोळ्यांना दिसते. ज्याचे भांडवल थोडे, त्याला फुकटची फेरी परवडत नाही.

२००२ साली सुरू झालेले ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. घरातील शिकलेल्या मुलामुलींना ते शिकू द्यावे. मात्र पत्ता चुकला तर नकाशाही चुकतो. म्हणून बंधूंनो, आधी आपापली खातेवही नीट करू या.