विहिरीतला हंसराज, दगडातली जीभ

उमरग्याच्या शिवारात विहीर खणताना काळी माती संपली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग घणालाही दाद न देणारा काळा फत्तर. सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात पानाचा ठसा शोधणं म्हणजे चुलीत कागद शोधणं. पान टिकतं गाळात, त्यासाठी नागपूरकडचे लाव्हाच्याही आधीचे खडक बघावे लागतात.

असा ठसा ओळखायला तुलनेला लागणारं जिवंत पान मात्र इथल्या जुन्या विहिरीतही सापडेल. दगडांच्या सांध्यांत ओल धरून वाढणारा हंसराज. त्याच्या पानाची एक पाकळी उन्हाकडे धरा. मधली ठळक शीर नाहीच. देठापाशी एक शीर निघते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. आता पाकळी उलटी करा. कड आत दुमडलेली दिसेल, तिच्याखाली तपकिरी भुकटी. ते बीजाणू. फूल नाही, बी नाही, हा नेचा.

चीनमधल्या गिंको वृक्षाचं पान थेट हंसराजाच्या वळणाचं, शिरासुद्धा तशाच दुभंगत जाणाऱ्या. पण गिंकोला बी धरते. चेहरा तोच, घराणं निराळं. नुसत्या आकारावर विसंबणारा इथेच फसतो.

अभ्यासकही फसले. नागपूर परिसरातली जीवाश्म पानं स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी जमवली (शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्यांचं वर्णन छापलं. त्यांत जिभेसारखी लांबट पानं होती: मधे जाड शीर, दोन्हीकडे बारीक शिरांची जाळी. या पानांना वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोन्यार यांनी १८२८ मध्येच ग्लॉसॉप्टेरिस म्हटलं होतं. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ, टेरिस म्हणजे नेचा.

नेचा, तर पानामागे बीजाणू हवेत. ते काही सापडेनात. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानालाच जोडलेले फळासारखे अवयव दाखवले. पुढे त्यांत बिया असल्याचं पक्कं झालं. हे घराणं सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालं, म्हणून शेजारी ठेवायला त्याचं सख्खं जिवंत पान नाही. हंसराज इथे कामाला येतो तो एवढंच सांगायला, की हा माझा नव्हे.

तरी नाव बदललं नाही. नामकरणात पहिलं नाव टिकतं, आणि बी धरणारं ते झाड कागदोपत्री आजही ‘जीभ-नेचा’च आहे.