नाकाची सर्दी आणि छातीचा दमा : केसपेपर दोन, आजार एकाच वाटेवरचा

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचे. बी.ए.ला असलेली एक मुलगी कायम दाराजवळ बसायची. अगरबत्ती पेटली की तिच्या शिंका सुरू व्हायच्या, आणि वाचन संपेपर्यंत खोकला. विचारले की म्हणायची, "ताई, मला बारमाही सर्दी आहे." एक दिवस तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले, "रात्री तीनला उठून बसते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो." पण घरात 'दमा' हा शब्द काढायची बंदी होती. स्थळे यायला लागली होती ना.

तिच्याकडे दोन केसपेपर होते. सर्दीचा एका खासगी दवाखान्याचा, आणि दम लागल्यावर वाफ घ्यायला जायची त्या रुग्णालयाचा दुसरा. एका डॉक्टरला दुसऱ्याचा कागद कधी दाखवलाच नव्हता. आपल्या वस्त्यांमध्ये असे दोन-दोन कागद असलेली पुष्कळ माणसे आहेत.

डॉक्टर आता याकडे कसे बघतात? नाकापासून फुप्फुसापर्यंतचा श्वासमार्ग एकच आहे आणि आतले अस्तरही बरेचसे सारखेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९९ साली तज्ज्ञांची एक कार्यशाळा झाली. त्यातून 'एरिया' नावाची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि तेव्हापासून हा विचार रुळला. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाची ॲलर्जीही असते. उलट बाजूने, नाकाची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला दमा होतो असे नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. परागकणांची ॲलर्जी असलेल्या, पण दमा नसलेल्या लोकांच्या फक्त नाकात संशोधकांनी ते परागकण सोडले. २४ तासांनी तपासले, तर फुप्फुसाच्या नळ्यांमध्येही ॲलर्जीच्या पेशी जमा झालेल्या दिसल्या. म्हणजे नाकातली सूज नाकापुरती राहत नाही, ती रक्तातून खाली पोहोचते. शिवाय नाक बंद झाले की माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक हवा गाळते, ओलसर आणि कोमट करते. ते काम होत नाही आणि थंड, धुळीची हवा थेट छातीत जाते.

निदानासाठी डॉक्टर आधी विचारतात : त्रास रात्री वाढतो का, झाडू मारताना, पावसाळ्यात, धुराने होतो का, घरात कुणाला आहे का. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या निदानाला बळ मिळते. त्रास नसलेल्या दिवशी ही तपासणी नॉर्मल येऊ शकते, हे लक्षात ठेवा. एक रिपोर्ट चांगला आला म्हणून दमा नाही असे ठरत नाही. एक्स-रे तर बहुतेक वेळा साफच येतो.

आता उपचार. इथे सगळ्यात मोठा घोळ निळ्या पंपाचा आहे. साल्ब्युटामॉलचा तो पंप आवळलेली नळी काही मिनिटांत मोकळी करतो, पण आतली सूज कमी करत नाही. सूज कमी करतो तो स्टिरॉइडचा पंप, आणि त्याचा फरक लगेच जाणवत नाही म्हणून लोक तो सोडून देतात. दम्यावरच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून १२ वर्षांवरील रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

'स्टिरॉइड' म्हटले की आपल्याकडे धडकी भरते. जरा हिशोब करू. अटॅक आला की मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या पंपाचा रोजचा कमी डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतो. औषधे वेगळी आहेत, तंतोतंत तुलना होत नाही, पण घाबरायचे कशाला ते कळते. पंप वापरल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो.

नाकासाठी सतत त्रास असेल तर स्टिरॉइडचा स्प्रे हा मुख्य उपचार. तो रोज आणि काही आठवडे घ्यावा लागतो. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारा आणि टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला धरा. नाक क्षणात मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट अधिकच चोंदते. नाकाचा स्प्रे पंपाची जागा घेत नाही आणि पंप स्प्रेची. दोन्ही त्रास असतील तर दोन्ही लागतात. माँटेलुकास्टची गोळी नाक आणि छाती दोन्हीसाठी दिली जाते, पण २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला. गोळी सुरू असताना झोप बिघडली, चिडचिड वाढली, मनात नको ते विचार आले, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

समाजशास्त्र शिकल्यामुळे म्हणा, मला हा आजार फक्त फुप्फुसात दिसत नाही. एका खोलीचे घर, ओल धरलेली भिंत, झुरळे, चुलीचा धूर, सफाई कामगाराच्या झाडूखालची धूळ. "ॲलर्जी टाळा" हे सांगायला सोपे, पण धूळ झाडणे हीच ज्याची रोजी आहे त्याने काय टाळायचे? त्याला मास्क, ओला झाडू आणि कामाच्या जागेत बदल मागायचा हक्क आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे दमा लपवून धावतात, लग्नाच्या मुली पंप पर्सच्या तळाशी ठेवतात. दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'चा अंदाज आहे. रुग्णांमध्ये आपला वाटा मात्र १३ टक्क्यांच्या आसपास. या तफावतीत लपवलेले पंपही आहेत आणि न परवडलेलेही.

ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी दवाखान्यात नाव घेऊन मागा. कार्यकर्त्यांनी आरोग्य शिबिरात बीपी-शुगरबरोबर एवढे दोन प्रश्न विचारावेत : रात्री खोकल्याने जाग येते का, आणि नाक सतत वाहते किंवा बंद असते का? रुग्ण एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर पंप मारत मारत थेट रुग्णालय गाठायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

त्या मुलीचे दोन्ही कागद आम्ही एकाच डॉक्टरपुढे ठेवले. स्प्रे आणि पंप दोन्ही सुरू झाले. साधारण दीड महिन्याने आई म्हणाली, आता रात्री झोपते. विहार समितीशीही बोललो, अगरबत्ती आता व्हरांड्यात लावतात. लग्नाच्या बोलण्यात दम्याचा विषय काढायचा की नाही, यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे. मुलगी म्हणते, मी सांगणार.