गाव सुटलं की ‘कर’ लागतो

कर्नाटकातल्या आमच्या निर्णा गावात आमच्या गल्लीत एकही निर्णेकर नाही. सगळे पाटील, बिरादार. मी मुंबईला नोकरीला आलो आणि खानावळवाल्याने वहीत परस्पर ‘निर्णेकर’ लिहून टाकलं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागतंय? ते गाव सुटल्यावर चिकटतं.

हा ‘कर’ आपल्याकडच्या ज्यूंनाही लागला. ज्यू आडनाव म्हटलं की कोहेन आठवतं. कोहेन म्हणजे पुरोहित. जगभर हे आडनाव सापडतं. आपल्या कोकणातल्या ज्यूंत, म्हणजे बेने इस्राएलांत मात्र परंपरेने पुरोहितांचं घराणंच नाही. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्म घरात, गाव आडनावात.

एरुलकरांचंच बघा. १९१६ साली टिळकांवरच्या खटल्यात जीनांबरोबर वकील होते ते एरुलकर. गांधीजींच्या डॉक्टरांपैकी एक अब्राहम एरुलकर. त्यांची मुलगी लीला हिने ग्लाफकोस क्लेरिदिस यांच्याशी लग्न केलं. ते १९९३ मध्ये सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झाले. कोकणातल्या आडनावाची पोरगी थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरात! ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड, यांचंही पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर चेऊल गळालं, याची मला उगीच चुटपुट लागते.

एकदा अलिबागेत एका बेने इस्राएल घरी मलिदा खायला मिळाला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळांच्या फोडी. प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन वाटतात. आमच्याकडे उरुसाला मलिदा करतात तो चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून. मी तसं सांगितलं, तर घरच्या आजी म्हणाल्या, “मग तुम्ही आमचेच की!” आणि ताटात आणखी एक मूठ पडली.

आमच्या कर्नाटकाशी सगळ्यात जवळचे मात्र सॅम्युअल दिवेकर. इंग्रजांच्या फौजेत होते, म्हैसूरच्या टिपूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. मशीद बंदर स्टेशनवर उतरलात तर चालत जाता येतं. रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. पाटीवर दिवेकर शोधू नका, तिथे नुसता सॅम्युअल आहे.